विमान नसलेलं तिकीट

तिकीटसंग्राहक मंडळाचं पत्र आलं तेव्हा कमरआपा खडकीतल्या आपल्या घराच्या पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. हाताला माती होती, म्हणून त्यांनी ते दोन बोटांनी कोपऱ्याला धरून उघडलं. मजकूर चारच ओळींचा.

‘आपण प्रदर्शनासाठी दिलेले हवाई टपालाचे तिकीट समितीने तपासले. तिकिटावरील विमानाचा निळा रंग मागाहून काढून टाकला असण्याची दाट शक्यता आहे. सबब प्रवेशिका नाकारण्यात येत आहे. पाकीट आठ दिवसांत घेऊन जावे.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उरलेली मेथी निवडली, जुडी संपवली, पाला धुतला, आणि मगच नवऱ्यासमोर कागद टाकला.

नासिरभाई दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून कुठल्याच गोष्टीनं दचकत नाहीत. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “मग आणून टाक घरी. तुला कुणी सांगितलं होतं चार शहाण्यांकडून शिक्का मारून घ्यायला?”

“दाट शक्यता म्हणे. म्हणजे मी विमान पुसलं असं म्हणायचंय ना त्यांना? मग तसं सरळ लिहायचं, कमरजहां मोमीन खोटारडी आहे म्हणून.”

“तुझं नाव कुठंय यात?”

“पाकिटावर अब्बांचं अक्षर आहे. ते तर आहे ना?”

यावर नासिरभाईंनी चष्मा काढून ठेवला. बायकोचा हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. या आवाजात ती एकदा प्रेसच्या मालकाशी बोलली होती, आणि त्यानंतर बाइंडिंगखात्यातल्या सगळ्या बायकांना बसायला पाठ असलेल्या खुर्च्या मिळाल्या होत्या.

नारायण पेठेतल्या त्या छापखान्यात कमरआपांनी एकतीस वर्षं काढली. मशीनवरून छापून आलेल्या कागदांचा गठ्ठा समोर घ्यायचा, अंगठ्यानं पंख्यासारखा उलगडायचा आणि चुकलेला कागद ओढून बाहेर काढायचा. रंग सरकलेला, अक्षर दुहेरी उमटलेलं, शाई न लागलेला. हजार कागदांत एक असला तरी त्यांचा अंगठा तिथंच थांबायचा. लोकांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळेची पुस्तकं, सगळं त्यांच्या नजरेखालून सरळ होऊन गेलं. चुकलेला कागद रद्दीत जायचा. आपांना मात्र त्याचीच ओढ. मशीन दिवसभर शहाण्यासारखं वागतं आणि एका क्षणी त्याचा तोल जातो, त्या क्षणाचा कागदावर राहिलेला हा पुरावा, असं त्या म्हणायच्या. बाकीच्या बायका हसायच्या.

तिकिटांचा नाद लहानपणापासूनचा, आणि पुढे तो चुकलेल्या तिकिटांवर येऊन थांबला. त्यातही हवाई टपालाची, म्हणजे विमानाची. कुणाच्या माळ्यावरचे जुने लिफाफे, कुणाच्या रद्दीतली पाकिटं, रविवारच्या अदलाबदलीत हाताला लागलेलं एखादं. सोळा तिकिटं जमली होती. एकात विमान चौकटीबाहेर पडलेलं. एकाच्या पंखावरूनच तिकीट फाडायच्या भोकांची रांग गेलेली. छापखान्यानं फेकून दिलेल्या लग्नपत्रिकांच्या नमुन्यांच्या वहीत ती मानानं बसली होती. सतरावं सगळ्यात मोठं, आणि ते विकत घेतलेलंही नव्हतं, मागून आणलेलंही नव्हतं. ते घरातलं होतं.

अब्बा ऐंशी साली आखातात वेल्डर होते. तिथून आलेल्या एका पाकिटावर तिकीट होतं, त्यात खाली खजुराची झाडं, मागे पिवळी वाळू, वर गुलाबी आभाळ. आणि आभाळात काहीच नाही. बाकीच्या सगळ्या पाकिटांवर तिथंच निळं विमान. तेरा वर्षांच्या कमरनं तेव्हा बाकीची तिकिटं ताटातल्या पाण्यात भिजवून सोडवली. हेही भिजवणार, तेवढ्यात अम्मीनं पाठीत धपाटा घातला. “नवऱ्याची सगळी पत्रं फाडून खाल्लीस, एक तरी राहू दे!” त्या धपाट्यामुळे ते तिकीट पाकिटावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आपा टिळक रस्त्यावरच्या मंडळाच्या खोलीत पोचल्या. समितीच्या प्रमुख अस्मिता खाजगीवाले टेबलामागे भिंग पुसत बसल्या होत्या. वयानं दोघी सारख्याच. बाईंचा या विषयातला अधिकार मोठा, आणि तो त्यांना स्वतःला पूर्ण ठाऊक.

“पाकीट न्यायला आलात ना? इथे सही करा.”

“न्यायला नाही आले. विचारायला आले. रंग काढला हे कशावरून?”

“अहो, निळी शाई उडवणं सोपं असतं. ऊन, औषधं, कितीतरी प्रकार आहेत. आमच्याकडे महिन्याला एक असं येतं. आणणारे सगळे म्हणतात, घरातलंच आहे.”

“औषध लावलं तर कागदाची चकाकी जाते. खालचा गुलाबीही फिकट होतो. दिव्याखाली धरलंत ना तुम्ही? गेलाय का गुलाबी?”

खाजगीवाले बाईंचा हात भिंगावर थांबला. “नाही गेला. म्हणूनच ‘शक्यता’ लिहिलंय.”

“दाट लिहिलंय.”

“बरं, दाट. मग तुमच्या मते काय झालं?”

“छापताना कागदाचा तुकडा मध्ये आला. रंग एकेक करून छापतात. निळ्याच्या वेळी वरून एक फाटका तुकडा पडला, विमान त्या तुकड्यावर छापलं गेलं, तुकडा नंतर गळून पडला. मी असे हजार कागद बाजूला काढलेत. एका लग्नपत्रिकेत तर गणपतीची सोंड गेली होती.”

“कुठे काम करता तुम्ही?”

“करत होते. बाइंडिंगला.”

“अच्छा, बाइंडिंगला,” बाई म्हणाल्या. त्या ‘अच्छा’त जे होतं ते अंगाला लागतं. शिकलेल्यांच्या या शहरात हाताला शाई लागलेल्या माणसाचं ज्ञान मोजायला वेगळं माप असतं, आणि ते नेहमी लहान असतं. आपांनी ते गिळलं नाही, फक्त बाजूला ठेवलं, चुकलेल्या कागदासारखं.

“मग ऐका,” बाई पुढे म्हणाल्या, “तुकडा आडवा आला असेल तर त्याला कड असणार. ती कड शेजारच्या तिकिटावरून गेली असणार. तिथे अर्धं विमान छापलं गेलं असेल, अर्धं नसेल. ते शेजारचं तिकीट आणा, मी माझं पत्र मागे घेते. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं, आखातातल्या कुठल्याशा पोस्टातून कुणीतरी कुणालातरी पाठवलेलं. शुभेच्छा.”

“कधीपर्यंत?”

बाईंना वाटलं नव्हतं की हा प्रश्न येईल. “प्रदर्शन शनिवारी. समिती शुक्रवारी चारपर्यंत बसते. चार म्हणजे चार.”

“सही नाही करत,” आपा म्हणाल्या. “पाकीट तेवढं द्या. शुक्रवारी परत आणणार आहे.”

घरी येऊन त्यांनी पाकिटातलं पत्र बाहेर काढलं. पंचेचाळीस वर्षांत ते किती वेळा वाचलं असेल, पण दर वेळी मुलीसारखं वाचलं होतं. आज पहिल्यांदा, गठ्ठा उलगडावा तसं वाचलं, कुठे काय निसटलंय ते शोधत. शेवटून दुसऱ्या ओळीत अंगठा थांबला.

‘आज जुम्मा, सुट्टी. राघूअण्णांचं पत्रही आत्ताच लिहून झालं. दोन्ही एकदमच टाकतो.’

राघूअण्णा! अब्बांच्या खोलीतला धायरीचा राघू बेनकर. त्याला अक्षर येत नव्हतं. दर शुक्रवारी तो बोलायचा आणि अब्बा लिहायचे, आधी त्याचं, मग आपलं. पत्ताही अब्बाच घालायचे. तिकिटंही तेच आणायचे पोस्टातून, एकमेकांना जोडलेली दोन, आणि टराटरा फाडून एक याला, एक त्याला.

“शेजारचं तिकीट धायरीला गेलंय,” त्या नासिरभाईंना म्हणाल्या.

“धायरीला आता टॉवर आहेत वीस-वीस मजल्यांचे. तुझं पाकीट काय लिफ्टमध्ये उभं असेल?”

“विचारायला काय जातं?”

“तुझं काही जात नाही. समोरच्याचं जातं,” नासिरभाई म्हणाले, पण सकाळी बसस्टॉपपर्यंत सोडायला आले.

बेनकरांचं घर शोधायला वेळ लागला नाही. शेतं गेली, टॉवर आले, पण नाव तिथंच होतं, सोनेरी अक्षरांत फाटकावर. राघूअण्णा जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा हिंदुराव पांढऱ्या शर्टात ओट्यावर बसून फोनवर कुणाला तरी झापत होता. त्यानं आपांचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“म्हंजे तुमी तिकीट मागायला आलाय. हितं रोज माणसं जागा मागायला येत्यात. तिकीट मागणारं पयलंच गिऱ्हाईक हाय.”

“मागायला नाही, बघायला. तुमच्या वडिलांची पत्रं आहेत का?”

“हायत. पण ती आईची हायत. आन् आईकडनं काय काढून घ्यायचं म्हंजे,” त्यानं हात जोडले, “तलाठ्याकडनं सातबारा काढणं सोपं.”

वेणूबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. ऐंशी पार केलेल्या, नजर मंद, कान तल्लख. भिंतीवर खुंटीला एक तार लटकत होती, वर वाकवलेला आकडा, खाली लाकडी चकती. त्या तारेत पत्रं ओवलेली होती, एकावर एक, पाकिटांसकट, आठ बोटं उंचीचा थर. पूर्वी घरोघरी पत्रं अशीच ठेवायचे. तार थेट पाकिटांच्या मधोमध घुसली होती. तिकिटातून गेली असली तर?

“मावशी, मी मोमीन वेल्डरांची मुलगी. खडकीची.”

शेंग फोडणारा हात थांबला. “लिव्हणाऱ्या मोमीनची?”

“हो.”

“ये की मग. बस हितं.” वेणूबाईंनी पलंगावरची टरफलं हातानं लोटली. “तुज्या बापाचं अक्षर शाळंचं मास्तर वाचून दावायचं. म्हनायचं, मोत्यावानी हाय. मास्तर गेलं, मग कुनी वाचलंच न्हाई.”

“का? हिंदुराव आहेत की.”

“त्याला येळ कुठं हाय? त्यो निस्ता सह्या करतो.”

दारातून हिंदुराव म्हणाला, “आई!”

“मावशी, यातलं एक पाकीट मला शुक्रवारी दाखवायला न्यायचंय. परत आणून देईन.”

“तारंतनं काढायचं न्हाई,” वेणूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो विषय संपलेला होता. “मी एकेक ओवलंय. एक काढलं की मागचं पुढं हुतं. त्यांनी परत आल्यावर पन काढायला मागितलं हुतं, दिलं न्हाई.”

आपांनी वाद घातला नाही. हट्ट काय असतो ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. समोर आपल्याच जातीचं माणूस बसलंय हे त्यांनी ओळखलं.

“बरं. काढत नाही. वाचून दाखवू का?”

वेणूबाईंनी शेंगांची पाटी खाली ठेवली.

तार खुंटीवरून उतरवली. ती फक्त पाकिटांतून गेली होती, आतल्या कागदांच्या घड्या तिच्या बाजूला सारलेल्या होत्या. आपांनी पत्रं तारेवरच वर-खाली सरकवत, पाकिटाच्या फाडलेल्या तोंडातून कागद हळूच ओढत वाचायला सुरुवात केली. विहिरीवरची मोटर. बैलाचा खूर. हिंदुरावला शाळेत घाला, नाही गेला तर माझं नाव सांगून दोन द्या. (“दिल्या हुत्या,” वेणूबाई म्हणाल्या.) शब्द राघूअण्णांचे, धायरीचे, रांगडे, आणि अक्षर अब्बांचं. अब्बांनी एकही शब्द सुधारला नव्हता. ‘हाय’ला हायच लिहिलं होतं. सतराव्या पत्रापर्यंत हिंदुरावही दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, फोन खिशात घालून.

अठराव्या पाकिटावर आपांचा अंगठा थांबला.

तारेचं भोक तिकिटापासून एक बोटभर लांब होतं. भोकाभोवती गंजाचं तपकिरी कडं, जुनं, कागदात मुरलेलं. आणि तिकिटावर खजूर, वाळू, गुलाबी आभाळ. आभाळात विमानाचा फक्त शेपटीकडचा अर्धा भाग. पुढचं विमान एका तिरप्या, सरळ रेषेत कापल्यासारखं नाहीसं.

“काय झालं गं?” वेणूबाईंनी विचारलं. “गप का झालीस?”

आपांनी आतला कागद काढला, तारीख बघितली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. पेरणीचं होतं, उसनवारीच्या बियाण्याचं होतं. आणि शेवटी:

‘मोमीनच्या तिकिटावर इमान न्हाई आन् माज्यावर निम्मं हाय. मी म्हनलं, माजं पत्र निम्म्या वाटेवर पडंल, तुजं तर चालतच जाईल. ह्यो लिव्हतोय आन् हसतोय.’

वेणूबाई हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. आपांनी ओढणीनं चष्मा पुसला, आणि काच स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिल्या.

“मावशी, हे पत्र समितीसमोर गेलंच पाहिजे.”

“तारंतनं काढायचं न्हाई.”

“नाही काढत. तारेसकट नेऊ.”

“तार माज्याशिवाय कुटं जात न्हाई,” वेणूबाई म्हणाल्या. “मी बी येनार.”

शुक्रवारी हिंदुरावनं गाडी काढली. आई पुढे बसली, मांडीवर धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलेली तार. सिंहगड रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. हिंदुराव खिडकीतून एकेकाचं खानदान काढत होता. मागे आपा बसल्या होत्या, आपलं पाकीट दोन पुठ्ठ्यांच्या मधे धरून. मंडळाच्या जिन्यापाशी गाडी लागली तेव्हा चारला नऊ मिनिटं होती. दोन मजले. लिफ्ट बंद.

“आई, तू थांब खाली, तार दे.”

“तू थांब,” वेणूबाई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून चढू लागल्या.

खोलीत खाजगीवाले बाई आणि समितीचे दोघे गृहस्थ. एक घड्याळ बघत होते. आपांनी आपलं पाकीट टेबलावर ठेवलं. वेणूबाईंनी लुगडं सोडून तार त्याच्या शेजारी ठेवली. गंजाची पूड टेबलाच्या काचेवर सांडली.

“हे काय आहे?” घड्याळवाले म्हणाले.

“शेजारचं तिकीट,” आपा म्हणाल्या.

पत्रं वर सरकवली. अठरावं पाकीट उघडं पडलं. खाजगीवाले बाईंनी भिंग घेतलं आणि वाकल्या. बराच वेळ त्या वाकूनच होत्या. मग त्यांनी आपांचं पाकीट हळूच उचलून तारेतल्या पाकिटाला लावलं, कड कडेला. तिकीट फाडताना राहतात ते कागदाचे दात समोरासमोर आले. आपांच्या तिकिटाच्या डाव्या कडेला एक दात बाकीच्यांपेक्षा लांब होता. धायरीच्या तिकिटाला नेमकं तिथंच खाचेत कागद कमी होता. दात खाचेत बसला.

“हं,” बाई म्हणाल्या.

“रेषा बघा,” आपा म्हणाल्या. “तुकड्याची कड.”

“बघते आहे.”

“आणि हे वाचा.” आपांनी कागद पुढे केला. “शेवटच्या तीन ओळी.”

बाईंनी मनात वाचल्या. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्यांनी दोन्ही पाकिटं उलटी करून मागचे पोचल्याचे शिक्के पाहिले. “खडकी, अकरा तारीख. धायरी, चौदा. म्हणजे चालत जाणारं आधी पोचलं की.”

“आँ?” वेणूबाई पुढे वाकल्या. “मंग ह्यांचंच खरं. आमचं निम्म्या वाटेवर पडलं हुतं तर!”

घड्याळवाले गृहस्थही हसले. खाजगीवाले बाईंनी भिंग खाली ठेवलं. “मोमीन बाई, तिकीट अस्सल आहे. माझी चूक झाली. उद्या लावू आपण.” त्यांनी तारेकडे पाहिलं. “दोन्ही लावायला हवीत खरं तर. पण ते पाकीट तारेतून—”

“काढायचं न्हाई,” वेणूबाई आणि आपा एकदम म्हणाल्या.

“बरं बाई. फळ्याला खिळा मारू. चालेल?”

“मी खुर्ची टाकून शेजारी बसनार,” वेणूबाई म्हणाल्या.

“बसा. गर्दीही आवरेल.”

सगळे उठायला लागले. आपा उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून ते चार ओळींचं पत्र काढलं आणि टेबलावर सरळ केलं.

“हे लेखी आलं होतं. मागे घेतलेलंही लेखी पाहिजे.”

“अहो, मी म्हटलं ना तुम्हाला आत्ता, सगळ्यांसमोर.”

“म्हटलंत. ऐकलं. पण अब्बांच्या अक्षराला खोटं म्हणणारा कागद आहे, मग खरं म्हणणाराही कागदच असायला हवा.”

बाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून संगणकासमोर बसल्या आणि टाइप करू लागल्या. दोघा गृहस्थांपैकी देसाई सर तेवढ्यात बाहेर पडले. कागद छापून आला. आपांनी तो उजेडाकडे धरला, वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवत वाचला. ‘समितीचे आधीचे पत्र रद्द समजावे. तिकीट अस्सल असून छपाईतील दोष मूळचा आहे.’ शक्यता नव्हती, दाट नव्हतं. खाली तीन नावं, आणि सह्या दोनच.

“तिसरी?”

“देसाई सर चहाला गेलेत खाली. उद्या घेऊ ना. साडेचार वाजले.”

“येतील की.”

“त्यांना वेळ लागतो हो. ते बोलत बसतात.”

“बसू देत,” कमरआपा म्हणाल्या. त्यांनी पाठ असलेली एक खुर्ची वेणूबाईंना ओढून दिली, दुसरी स्वतः घेतली. हिंदुराव दारात उभा राहून म्हणाला, “ताई, सिग्नलला लय गर्दी हुईल आता.”

“तुम्ही व्हा पुढे.”

तो कुठे जातोय. तोही भिंतीला टेकला. वेणूबाईंनी तार पुन्हा मांडीवर घेतली आणि एकोणिसाव्या पत्रावर बोट ठेवलं.

“तंवर ह्ये वाच,” त्या म्हणाल्या.